न गोठणाऱ्या पाण्याची चोरी

१

शीतगृहाचा जाडजूड दरवाजा उघडला आणि आतून पांढरं धुकं पायांवर आलं. बाहेर विठ्ठलवाडीच्या गल्लीत डिसेंबरातही लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. सुहासिनीबाई चित्रे मात्र स्वेटर, कानटोपी, वरून शाल असा सगळा जामानिमा करून आल्या होत्या. भाचीनं बजावलंच होतं, "आत्या, आत उणे पंधरा असेल. डोंबिवलीची थंडी समजून येऊ नकोस."

रिकाम्या खोलीच्या मधोमध एकच वस्तू उभी होती, एक फिरतं शौचालय. परवा दुपारपासून ते तिथे गारठत होतं.

ऋजुता वाकली, टॉर्च खाली धरला आणि तशीच राहिली.

"काय झालं गं?"

"टाकी फुटली, आत्या."

ऋजुताचा व्यवसाय फिरती शौचालयं भाड्यानं देण्याचा. लग्नं, सभा, मैदानावरचे कार्यक्रम, सगळीकडे तिच्या केबिन जात. शहाडला गोडाऊन होतं. पण या हिवाळ्यात तिच्याकडे वेगळंच काम आलं होतं. ठाण्याची गिर्यारोहक ऐश्वर्या वैती हिमाचलात मुलींचं महिनाभराचं बर्फातलं शिबिर घेणार होती. पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, "गेल्या वर्षी पोरी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. प्यायलं तर उघड्यावर बर्फात जावं लागणार ना! एकीला शेवटी स्ट्रेचरवरून खाली आणली."

ते वाक्य ऋजुताच्या मनात घर करून बसलं. तिनं महिनाभर डोकं लढवून योजना आखली. दारं वाऱ्याकडे पाठ करून लावायची. सीट फोमची, म्हणजे बसताना चटका बसणार नाही. छप्पर काळं, ऊन धरून ठेवणारं. नळ नाहीच, कारण नळ सगळ्यात आधी गोठतो. आणि मुख्य म्हणजे खालच्या टाकीत साधं पाणी न भरता मिठाचं दाट पाणी भरायचं. तेवढ्या थंडीत ते गोठत नाही, त्यामुळे टाकी रिकामी करता येते. हे सिद्ध करायलाच नवी कोरी केबिन इथे आणली होती, आणि बघायला खुद्द ऐश्वर्या आली होती.

टाकीत निळ्या बर्फाचा दगड झाला होता. कोपऱ्याला तडा गेला होता, खालचा व्हॉल्व्ह फुटला होता.

"मी उद्या रात्रीच्या गाडीने निघतेय," ऐश्वर्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ऋजुताला जास्त लागलं. "तोपर्यंत जमलं तर दाखव. नाही तर पोरींना घेऊन मी तशीच जाईन."

ती गेल्यावर मितेश पुढे आला. केबिनच्या रचनेचं काम तो बघायचा. "मी म्हणालेलो ना, हीटर लावूया? मिठाबिठावर भरवसा ठेवून..."

ऋजुता गर्रकन वळली. "तिथे वीज कुठून आणणार होतास? आणि टाकीत पाणी तूच ओतलंस ना?"

"म्हणजे? मी केलं हे? माझं ऐकलं नाही म्हणून?"

"मी तसं म्हटलं नाही."

"अजून काय म्हणायचं बाकी आहे?" मितेशनं गोडाऊनच्या किल्ल्या ऋजुताच्या हातात ठेवल्या आणि तो चालता झाला.

दारात टेम्पोवाला विनीत उभा होता, तोंडाला मफलर गुंडाळून. तो आत आलाच नव्हता. सुहासिनीबाई तेवढ्यात टाकीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. तड्यातून सुटलेला बर्फाचा एक तुकडा त्यांनी उजेडात धरला.

"ऋजुता," त्या म्हणाल्या, "तुझं गणित चुकलेलं नाही. मला वाटतं, तुझं पाणीच कुणीतरी चोरलंय."

२

"पाणी कोण चोरेल, आत्या?"

"आधी बघू तर दे."

सुहासिनीबाईंनी उभं आयुष्य कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्या तरी नजर प्रयोगशाळेतलीच होती. शीतगृहाच्या ऑफिसात चहाची शेगडी होती. शौचालयाच्या टाकीतला बर्फ म्हटल्यावर तिथल्या पोऱ्यानं पातेलं द्यायला साफ नकार दिला. टाकी कोरी आहे, कुणी वापरलेली नाही, हे सांगूनही पटेना. शेवटी डब्याचं एक जुनं झाकण मिळालं.

"काठाकडे बघ. काचेसारखा स्वच्छ आहे," त्यांनी तुकडा दाखवला. "रंग सगळा मध्ये ढकलला गेलाय. साधं पाणी सावकाश गोठतं तेव्हा असं होतं. खारं पाणी गोठलंच तर बर्फ दुधाळ आणि ओलसर असतो. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस."

तुकडा झाकणात वितळला, उकळला, आटला. तळाशी फिकट निळा डाग राहिला. बस्स.

"तू मीठ किती घातलं होतंस?"

"पोतं रिकामं केलं, आत्या. ढवळून ढवळून हात दुखले."

"मग इथे मिठाची जाड पापडी उरायला हवी होती. चिमूटभरही नाही."

ऋजुता त्या डागाकडे बघत राहिली. गणित चुकलं नव्हतं, या सुटकेच्या मागोमाग दुसराच विचार आला आणि तिचा चेहरा उतरला. मिठाच्या पाण्याचा ड्रम तिनं शहाडच्या गोडाऊनमध्ये स्वतः भरला होता, स्वतः झाकण लावलं होतं. पाणी बदलणारा माणूस तिच्याच चार माणसांतला होता.

"आणि मितेशला मी..." ती पुटपुटली.

"त्याचं नंतर. या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

दारातून उत्तर आलं. "माझ्याकडे. आणि खरं सांगायचं तर, ही ब्याद इथून गेली तर मला हवंच होतं."

३

प्रभाकर भोसेकर शीतगृहाचे व्यवस्थापक. कपाळाला गंध, हातात किल्ल्यांचा जुडगा. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"पलीकडच्या खोलीत मटार आहे, बाई. व्यापाऱ्यांना कळलं की शेजारी संडास ठेवलाय, तर उद्या माल उचलतील. ऋजुताताईंच्या वडिलांनी मला अडीअडचणीला हात दिलेला, म्हणून शब्द मोडवला नाही. पण परवापासून घशाखाली घास उतरत नाही."

"परवा कुलूप लावल्यावर तुम्ही आत गेलात?"

"दोनदा. यंत्र बघायला. टाकीला हात लावला असेल तर हा हात झडो!"

ऋजुतानं आत्याकडे पाहिलं. किल्ली यांच्याकडे, कारणही यांच्याकडे. पण सुहासिनीबाई मान हलवत होत्या.

"ऋजुता, निळा रंग टाकीत कधी पडला?"

"इथेच. सुवासाचं औषध असतं ते. मी एक बाटली आणलेली. मितेशनं माझ्यासमोर ड्रम टाकीत ओतला, मग मी औषध घातलं. बाटली संपली. बाकीच्या माझ्या घरी आहेत."

"म्हणजे कुलूप लागल्यानंतर कुणी खारं पाणी काढून साधं भरलं असतं, तर बर्फ पांढरा झाला असता. तो निळा आहे. म्हणजे तू औषध घातलंस तेव्हाच टाकीत साधं पाणी होतं. प्रभाकरराव, तुम्ही जेवा निवांत."

प्रभाकररावांनी हात जोडले.

"मग मितेशच?" ऋजुता म्हणाली.

"त्यानं ओतलं ते तुझ्या डोळ्यांदेखत. त्याआधी तो कुठे होता?"

"ठाण्याला, दुसऱ्या कामावर. तिथून थेट इथे आलेला. ड्रम आधीच येऊन उतरला होता." ऋजुता बोलता बोलता थांबली. "म्हणजे पाणी ड्रममध्येच बदललं. शहाड ते विठ्ठलवाडी, मधल्या रस्त्यात."

आणि त्या रस्त्यात ड्रमसोबत एकच माणूस होता. विनीत, तानाजी शेलारचा मुलगा. तानाजी ऋजुताच्या वडिलांचा उजवा हात, तीन वर्षांपूर्वी दम्यानं गेला. त्याच्या माघारी विनीत टेम्पो चालवायला लागला होता, आणि केबिनसोबत महिनाभर हिमाचलात राहायला तोच जाणार होता.

"विनीत?" ऋजुताला पटेना. "अगं, तो तर जाण्यासाठी जीव टाकतोय!"

४

सुहासिनीबाईंनी विनीतला डोंबिवलीला सोडायला सांगितलं आणि त्याच्याशेजारी टेम्पोत बसल्या. पोरगा उमदा, चोवीस-पंचवीसचा. गिअर टाकताना गुणगुणायची सवय होती, आज मात्र गप्प.

"तुला जायचंय ना तिकडे?"

"म्हणजे काय, मॅडम! बर्फ बघणार मी. आमच्या आख्ख्या चाळीत कोणी बघितला नाय. नवीन बूट पण घेतले." तो छोटी छोटी वाक्यं बोलत होता. "आता काय, कॅन्सलच समजायचं ना?"

"बघू. परवा ड्रम घेऊन निघालास, मध्ये कुठे थांबला होतास?"

"कुठेच नाय." मग एक क्षण थांबून, "म्हणजे वाट वाकडी करून घरी गेलेलो, आंबिवलीला. आईचा फोन आलेला, गरम भाकरी खाऊन जा म्हणाली."

"टेम्पो कुठे होता?"

"दारात. मी आत जेवत होतो."

"आणि आई?"

"होती ना. वाढलं, आणि नळाला पाणी आलंय म्हणून बाहेर गेली. दुसरी भाकरी मीच घेतली मग." तो वरमला. "मॅडम, तुम्हाला वाटतंय मी केलं? आईची शप्पथ, मी कशाला माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

सुहासिनीबाईंना कुठूनतरी बारीक शिट्टी ऐकू येत होती. खिडकीच्या फटीतून वारा शिरत असेल, म्हणून त्यांनी काच पूर्ण वर केली. रस्त्याचा आवाज थांबला. शिट्टी थांबली नाही. विनीत श्वास सोडायचा तेव्हा ती यायची.

असा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला होता. ऋजुताच्या वडिलांच्या अंगणात तानाजी खाली बसायचा, तेव्हा.

"टेम्पो थांबव रे," त्या म्हणाल्या. "मी इथूनच रिक्षा करते. मला एक काम आठवलं."

५

आंबिवलीची ती बैठी चाळ दुपारच्या उन्हात पेंगत होती. शेलारांच्या दारापुढे कपडे धुण्याचा दगड, शेजारी अळूचा वाफा, भिंतीशी पाण्यानं भरलेलं निळं पिंप. वाफ्यातलं अळू एका बाजूनं भाजल्यासारखं काळवंडलं होतं. आणि शेजाऱ्यांच्या दोन शेळ्या, अळू सोडून, दगडाखालची ओबडधोबड फरशी चाटत होत्या. हाकललं तरी पुन्हा येत होत्या.

सुहासिनीबाई बघत राहिल्या. मिठाशिवाय शेळी दगड चाटत नाही.

विनीतची आई रतन पदराला हात पुसत बाहेर आली. ओळख पटताच तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "बाई, पोरानं काय केलं का?"

"नाही हो. उन्हाची आले, पाणी द्या आधी."

रतननं घरातला तांब्या आणला. पाणी पिऊन सुहासिनीबाई म्हणाल्या, "गार आहे. आत्ता नळाला आलं का?"

"छ्या! नळ उजाडायच्या आत येतो नि जातो. दिवसभर मग साठवलेल्यावरच..." आणि रतन गप्प झाली. आपण काय बोलून बसलो, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

दोघी पायरीवर बसल्या. शेळ्या चाटत होत्या.

"मितेश म्हणून मुलगा आहे आमच्याकडे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आज त्याच्यावर आळ आला. नोकरी सोडून गेला."

"अगं बाई!" रतनचा हात तोंडावर गेला. "मला बोलता येत नाय, बाई. विनीतनं गळ्याची शपथ घातलीय. त्याच्या गळ्याची."

"मग बोलू नका. मी बोलते. चुकलं तर मान हलवा, बरोबर असलं तर गप्प बसा." सुहासिनीबाईंचा आवाज वर्गातला नव्हता, घरातला होता. "विनीतला दमा आहे. वडिलांचाच. थंड हवेत वाढतो, म्हणून तो आज त्या खोलीत आला नाही. उंचावर, बर्फात त्याचं काय होईल हे तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे, पण जायची हौस मोठी. ऋजुताला कळलं तर ती पाठवणार नाही, म्हणून त्यानं तुमचं तोंड बंद केलं."

रतन गप्प होती. डोळ्यांतून धार लागली होती.

"परवा तुम्ही त्याला जेवायला बोलावलंत. तो आत असताना नळीनं ड्रम रिकामा केलात, इथे दगडावर. मग पिंपातलं साधं पाणी भरलंत."

"नळी तोंडानं ओढली," रतन एकदम म्हणाली. "सगळं खारट पाणी तोंडात आलं. ते पाणी गोठत नाय, त्याच्या जिवावर सगळं चाललंय, हे त्यानंच सांगितलेलं. किती कौतुकानं सांगत होता! मला वाटलं, साधं पाणी भरलं तर गोठेल, बेत रद्द होईल, माझं लेकरू घरी राहील. कुणाचं काय जाणार? टाकी फुटेल, कुणाची नोकरी जाईल, हे कुठं ठाऊक होतं? ह्याचे वडील याच उंबऱ्याशी बसून श्वासासाठी तडफडले, बाई. मी मांडीवर डोकं घेतलेलं."

सुहासिनीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी ऐश्वर्याच्या मुलींबद्दल सांगितलं. तहान मारून डोंगर चढणाऱ्या पोरींबद्दल, त्या स्ट्रेचरबद्दल.

रतन ऐकत राहिली. "मी नवी नवरी आले तेव्हा इथं संडास नव्हता," ती हळूच म्हणाली. "रुळापलीकडं जायचो बायका. थंडीत तर नकोच वाटायचं. दिवेलागणीनंतर मी पाण्याला शिवत नव्हते. सासू म्हणायची, सून कमी पाणी पिते, गुणाची आहे."

ती उठली, आतून चप्पल घेऊन आली.

"चला. शहाडला येते मी."

"आणि शपथ?"

"शपथ दम्याची घातलीय, पाण्याची नाय. पाणी मी ओतलं हे मी सांगणार. का ओतलं, ते नाय सांगणार."

६

गोडाऊनमध्ये ऋजुतानं फोन करकरून मितेशला बोलावून घेतलं होतं. तो आला होता, पण तोंड फिरवून बसला होता. विनीत फुटलेल्या टाकीच्या जागी लावायच्या जादा टाकीला व्हॉल्व्ह बसवत होता. आईला पाहून तो उभा राहिला.

रतन थेट मितेशपुढे गेली. "बाळा, पाणी मी बदललं. तुझ्यावर उगाच आळ आला. जे बोलायचं ते मला बोल."

मितेश तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. ऋजुता पुढे आली. "पण का, रतनकाकी?"

रतननं ओठ मिटले. "ते नाय सांगणार."

"आई!" विनीत ओरडला. "माझी वाट लावलीस तू! एवढी एकच गोष्ट मागितलेली मी, एकच..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. तो टाकीवर हात टेकून वाकला, छाती भात्यासारखी हलायला लागली. रतन धावली, त्याच्या खिशातून पंप काढून तोंडाशी धरला. एकदा, पुन्हा एकदा. ती हे किती सरावानं करत होती ते सगळ्यांना दिसलं. हळूहळू श्वास ताळ्यावर आला. तरीही रतन ऋजुताकडे बघून एक अक्षर बोलली नाही.

विनीत खोक्यावर बसला. खाली बघत म्हणाला, "दमा आहे, ताई. बाबांसारखा. तुम्हाला सांगितलं नाय मी."

ऋजुता त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "तुला तिथे काही झालं असतं तर मी काकींना कोणतं तोंड दाखवलं असतं रे?"

"एकदाच जायचं होतं."

ऋजुता उठली आणि मितेशजवळ गेली. "मी तुझ्याशी फार वाईट वागले. माफ कर."

"बोललात ते लागलं," मितेश म्हणाला. मग विनीतकडे पाहून, "मी जातो तिकडे. पण मला व्हॉल्व्ह उघडता येत नाही हातमोज्यांनी. हा शिकवेल का?"

विनीतनं मान वर केली नाही. पण पाना पुढे केला.

संध्याकाळी पुन्हा मीठ कालवलं गेलं. विनीतनं स्वतः ढवळलं, स्वतः विठ्ठलवाडीला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रभाकररावांनी दरवाजा उघडला. ऐश्वर्यानं केबिनला खांदा लावून जोरात ढकललं. आत पाणी डुचमळलं. तो साधा डुबुक्-डुबुक् आवाज ऐकून ऋजुता भिंतीला टेकली आणि रडायला लागली. ऐश्वर्या हसत म्हणाली, "केबिन माझ्या मागोमाग पाठव. मितेशला सांग, लोकरीचे मोजे दोन जोड जास्त घे."

ट्रक शहाडहून निघाला तेव्हा सुहासिनीबाईही आल्या होत्या. मितेशच्या पायांत विनीतचे नवे बूट होते. विनीतनंच दिले होते, एक शब्द न बोलता. ट्रक पुलाकडे वळून दिसेनासा झाला तरी तो रस्त्याकडे बघत उभा होता. रतन जरा लांब, फाटकाशी. त्या दिवसापासून मायलेकांत बोलणं नव्हतं. तो जेवायचा, ती वाढायची, तेवढंच.

शेवटी तो वळला आणि आईजवळ गेला.

"संध्याकाळी डॉक्टरकडे जायचंय. मोठ्या डॉक्टरकडे, ताईंनी नंबर लावलाय. तू पण चल. रात्री कितीदा उठतो, काय होतं, ते तूच सांग त्यांना. मी लपवतो."

रतन काही बोलली नाही. तिनं फक्त स्वतःच्या गळ्याला बोट लावलं आणि मान हलवली.

विनीतला आधी कळेना. कळलं तेव्हा त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"अगं, सुटली! सुटली शपथ. बोल आता."

आणि रतन बोलायला लागली. शपथ घातल्यापासूनचं साठलेलं, वर्षांचं साठलेलं, त्याच्या बापाचं, त्याच्या खोकल्याचं, रात्री उशाशी बसून मोजलेल्या श्वासांचं. विनीतनं टेम्पोचं दार उघडून तिला वर बसवलं, वळसा घालून आपल्या जागेवर आला, गाडी सुरू केली. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत सुहासिनीबाईंना तिचा आवाज ऐकू येत होता. तो मध्ये एकदाही तिला थांबवत नव्हता.